पातूरचं अर्धं लेणं

अकोल्याहून वाशिमकडे निघालं की पातूरपर्यंत रस्ता सपाट. काळी माती, कपाशी, तूर, आणि अलीकडे जिथं तिथं सोयाबीन. पातूर सोडलं की डोंगर समोर येतो आणि एसटीच्या इंजिनाचा आवाज बदलतो. इथून घाट लागतो. तो चढला की मेडशी, मालेगाव, पुढे वाशिम. जुनी माणसं अजून ‘पातूर शेख बाबू’ म्हणतात, ते इथल्या दर्ग्यावरून. एका टेकडीवर रेणुकामाता आहे. आणि गावालगतच्याच एका बुटक्या टेकडीच्या पोटात लेणी आहेत.

शाळेत असताना सहल निघाली ती अजिंठ्याला. रात्रभराचा प्रवास करून आम्ही तिथं पोचलो, रांगेत उभे राहिलो आणि पद्मपाणीसमोर दीड मिनिट थांबून पुढं ढकलले गेलो. पातूरची लेणी कुणी दाखवलीच नाहीत. दाखवण्यासारखं त्यात काय आहे, असाच विचार असणार. कॉलेजात असताना मी स्वतःहून गेलो तेव्हा तो विचार मलाही पटला. पुढे ओसरी, मागे खोली. मूर्ती नाही, चित्र नाही, नक्षी नाही. वटवाघळांचा वास मात्र भरपूर. बरोबरचा मित्र म्हणाला, ‘अबे, हा तं गोठा आहे!’ आम्ही हसलो आणि पायथ्याशी येऊन चहा प्यालो.

त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. अधूनमधून जात राहिलो, आणि दर वेळी लेणं तेच असूनही दिसायचं वेगळं.

लेणं बांधत नाहीत, ते काढतात. घर पायापासून वर जातं, लेणं छतापासून खाली येतं. आधी दर्शनी कडा तासून उभा करायचा, मग वरून आत शिरायचं. छत आधी पुरं होतं, कारण खाली उतरल्यावर पुन्हा वर हात पोचणार नाही. परांचीही लागत नाही. उरलेला दगडच पायाखालचा माळा. अजिंठ्याचं चोविसावं लेणं पुरं झालं असतं तर तिथल्या सगळ्या विहारांत मोठ्या विहारांपैकी एक ठरलं असतं. ते अर्धवट राहिलं, म्हणून कारागिरांची रीत तिथं उघडी पडली आहे. लांब चर खणायचे, दोन चरांमधला वरंबा फोडायचा, की पुन्हा पुढचे चर. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सऱ्या आणि वरंबे त्याच्या रोजच्या पाहण्यातले.

पातूरला भिंतीवरून तळहात फिरवला की छिन्नीचे तिरपे ओरखडे बोटांना लागतात. एका हाताचा घाव एका दिशेनं जातो. मध्येच दिशा बदलते, तेव्हा वाटतं की इथं दुसरा माणूस बसला असावा, किंवा त्याच माणसानं बसकण बदलली असावी. अजिंठ्यात हा माणूस गिलाव्याखाली गेला. इथं गिलावा चढलाच नाही.

कोऱ्या खोलीचा एक फायदा असतो. तिला कुणीही आपलं म्हणू शकतं. पातूरच्या लेण्यांबद्दलही बौद्ध, जैन, शैव असे सगळे दावे ऐकू येतात. मला ती रस्त्यावरून ओळखू येतात. घाटाच्या वर वाशिम आहे, म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचं लग्न लावलं ते याच वत्सगुल्मात. याच शाखेतला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं भिक्षुसंघाला दान दिलं, तसा लेख तिथल्या भिंतीवर आहे. अजिंठ्याचा डोंगर आणि पातूरचा घाट एकाच रांगेतले. वरून राजधानीचा माल उतरायचा, खालून वऱ्हाडचा कापूस चढायचा, आणि घाटाच्या तोंडाशी वाटसरूला पावसाचे चार महिने काढायला कोरडी जागा. विहार म्हणजे मुळात एवढंच. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं असं की हरिषेण गेला आणि अजिंठ्याचं काम हबकलं, मग काही वर्षांत थांबलंच. पैसा आटला की छिन्नी थांबते. घाटाखालच्या या लहान कामाचंही तसंच झालं असेल, तर नवल नाही.

कापसावरून आठवलं. अजिंठ्याच्या चित्रांत कापसाची सरकी काढण्याचं काम दिसतं, लाटण्यासारखा एकेरी रूळ आणि खाली फळी. जिनिंगच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वऱ्हाडी माणसानं अजिंठ्यात आधी हे शोधावं, पद्मपाणी नंतर.

मग मधे शतकानुशतकांची फार मोठी रिकामी जागा. टेकडीत लेणं होतं, पण बुद्ध गावात नव्हता.

तो आला १९५६ साली, आणि रस्त्यानं नाही, रेल्वेनं आला म्हणायला हरकत नाही. १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखोंना दिली. वऱ्हाडातून गाड्याच्या गाड्या भरून माणसं गेली होती. कुणी भाकरीचं गाठोडं घेऊन, कुणी पायीच. पुढच्या दोन महिन्यांत बाबासाहेब गेले. माणसं परत गावी आली ती पांढऱ्या कपड्यांत आणि बावीस प्रतिज्ञा घेऊन. घरोघरी देवळीतले देव निघाले, नदीत किंवा विहिरीत गेले. त्यांच्या जागी ठेवायला लगेच काही नव्हतं. मूर्ती नव्हती, तसबीर सहज मिळत नव्हती, पाली गाथा पाठ नव्हत्या, सांगायला भंतेजी नव्हते. भिंतीतली देवळी कोरी. लेण्यातल्या खोलीइतकीच कोरी.

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांहून जास्त बौद्ध नोंदले गेले. २०११ मध्ये पासष्ट लाख. अकोला जिल्ह्यात दर शंभरात अठराच्या आसपास, राज्याच्या सरासरीच्या तिप्पट. या आकड्यांमागे एक किंमत आहे. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं. एवढ्या काळात एका घरातली दोन पोरं नोकरीच्या वयाची होऊन त्या वयातून बाहेरही पडतात.

देवळी भरत गेली ती हळूहळू. आधी कॅलेंडरातला बुद्ध चौकटीत बसला, शेजारी निळ्या कोटातले बाबासाहेब. मग वस्तीत टिनाच्या शेडखाली विहार. मग सिमेंटची मूर्ती, पिवळ्या रंगाची, नाक थोडं जास्तच लांब, कारण मूर्तिकार गणपती करणारा. मग थायलंडहून दान आलेल्या सोनेरी मूर्ती, डोक्यावर ज्योत, डोळे मिटलेले, बोटं एकसारख्या लांबीची. गंधार, मथुरा, अजिंठा, सुखोथाई असा जो प्रवास कलेच्या पुस्तकात शेकडो वर्षं घेतो, तो आमच्याकडे दोन पिढ्यांत झाला, आणि तोही उलट्या क्रमानं. बाबासाहेबांनी काढलेला म्हणून जो उघड्या डोळ्यांचा बुद्ध घरोघर फिरतो, तो मला या सगळ्यात जास्त आमचा वाटतो. मिटलेल्या डोळ्यांची शांती ज्यांच्या पोटाला आराम आहे त्यांना शोभते, असं एक माझं आपलं मत. भंतेजींना ते पटलं नाही.

मूर्तीच्या आधी वस्तीत पोचलं होतं पुस्तक. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. इंग्रजी मूळ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या पश्चात आलं, मराठी नंतर. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, वऱ्हाडात विहारा-विहारांत त्याचं वाचन चालतं. पावसात भिक्षूंनी फिरू नये हा नियम मुळात लोकांच्या तक्रारीवरून आला: तुमचे श्रमण हिरवं तुडवतात, बारीक जीव मारतात. पेरणीच्या दिवसांत कुणी पिकातून चालत गेलं तर आजही हीच तक्रार होते, शब्द जरा कडक असतात एवढंच. आता वर्षावास भिक्षूंपेक्षा बायांचा जास्त आहे. दिवसा निंदण, खुरपण. संध्याकाळी स्वयंपाक उरकून पांढरं पातळ नेसून विहारात. शाळा शिकलेली एखादी सून वाचते, बाकीच्या ऐकतात. शेवटच्या दिवशी खीर.

मी अशा वाचनांना मागच्या ओळीत बसत आलो आहे. अजिंठ्यात जी कथा गाइड वीस सेकंदांत संपवतो, तिच्यावर इथं अख्खी संध्याकाळ जाते. नंदाची कथा घ्या. बुद्धाचा सावत्र भाऊ. बुद्ध दारी आला आणि त्याच्या हाती भिक्षापात्र देऊन चालू लागला. नंद संकोचानं पात्र घेऊन मागं मागं विहारापर्यंत गेला आणि भिक्षू होऊन बसला. घरी बायको सुंदरी वाट पाहत राहिली. सोळाव्या लेण्यात ती आहे. नवऱ्याचा मुकुट घेऊन माणूस येतो आणि ती कोसळते. इंग्रजांनी त्या चित्राला ‘मरणासन्न राजकन्या’ असं नाव दिलं, पण ती मरत नाही. मागं उरते, आणि ते जास्त अवघड. पुस्तकातलं वाचन बाजूला ठेवून एकदा मी ही कथा सांगितली, तेव्हा एक म्हातारी आजी म्हणाली, ‘थो गेला, बरं झालं म्हना. पन तिले कोनं इचारलं व माय?’ कुणी काही बोललं नाही. तिथं बसलेल्यांत दोघींचे नवरे कर्जापायी गेलेले होते. चित्रकारानं मात्र पंधराशे वर्षांपूर्वी तिला विचारलं होतं असं मला वाटतं. नाहीतर अख्खी भिंत तिच्यासाठी का खर्ची घातली असती?

किसा गोतमीची कथा आता पुण्यानुमोदनाला ठरलेली. ज्या घरात कधी मरण आलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. तेरवी गेली, तिच्या जागी पुण्यानुमोदन आलं, आणि त्याबरोबर ही कथा आली. ती इतक्यांदा ऐकली आहे की सांगणारा मोहरीपर्यंत पोचण्याआधी लोक मान डोलावतात.

पण वऱ्हाडासाठी बाबासाहेबांनी निवडलेली कथा रोहिणी नदीची आहे, असं मी ठामपणे म्हणेन. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली दंतकथा त्यांनी बाजूला सारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नव्हता, हे त्यांना पटेना. त्यांच्या पुस्तकात सिद्धार्थ घर सोडतो तो पाण्यावरून. शाक्य आणि कोलिय, मधे रोहिणी. दोन्हीकडची शेतं त्याच पाण्यावर. दोन्हीकडच्या गड्यांत हाणामारी होते, शाक्यांचा सेनापती युद्ध मागतो. सिद्धार्थ म्हणतो, आपले दोन, त्यांचे दोन, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशी समिती नेमून तंटा मिटवू. मतदान होतं, तो हरतो. सैन्यात जायला नकार देतो आणि घरादारावर शिक्षा येऊ नये म्हणून देश सोडतो.

जुन्या पाली कथेत हे भांडण बुद्ध झाल्यानंतरचं आहे. जेठाच्या उन्हात पिकं माना टाकतात, गडी भांडतात, जातीकुळापर्यंत शिव्या जातात, फौजा समोरासमोर येतात. बुद्ध विचारतो, भांडण कशाचं? राजांना माहीत नसतं. ते सेनापतीला विचारतात, तो खालच्याला, असं करत करत अखेर गड्यांकडून उत्तर येतं: पाण्याचं. लढाईला उभ्या राहिलेल्या वरच्यांना कारणच ठाऊक नसतं, ही गोष्ट मला कुठल्याही सुत्तापेक्षा जास्त काळ पुरली आहे.

पाण्याचं आमच्याकडे सोपं नाहीच. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, विहिरीला पाणी लागतं पण तोंडात धरवत नाही. पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णाकाठी भोन आहे. डेक्कन कॉलेजनं डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली तिथं उत्खनन केलं, तेव्हा मौर्यकाळापर्यंत मागं जाणारा विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी निघाल्या. हे ठिकाण जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येतं. एकीकडे वऱ्हाडातला इतका जुना स्तूप, दुसरीकडे तहानलेलं शिवार. मी जुन्या विटांवर जीव टाकणारा माणूस, तरी धरण नको असं मला सरळ म्हणता येत नाही. बाबासाहेबांचा सिद्धार्थ पाच जणांची समिती नेमा म्हणाला असता. ती तरी नेमायला हवी होती.

गेल्या वर्षावासात पातूरजवळच्या एका वस्तीत रोहिणीचंच प्रकरण चालू होतं. मतदान झालं, सिद्धार्थ हरला, यशोधरेचा निरोप झाला. वाचणारी थांबली. मागून एकीनं विचारलं, ‘सारं खरं, पन पानी कोनाले भेटलं शेवटी?’ वाचणारीनं पुढची दोन पानं चाळली. मागची चाळली. माझ्याकडे पाहिलं. मीही मनातल्या मनात पाली कथा चाळली. त्या कथेच्या शेवटी दोन्हीकडची शेकडो तरुण पोरं भिक्षू होतात. पाण्याची वाटणी कशी झाली ते कुठंच आलेलं नाही.

तेवढ्यात बाहेरून पोराची हाक आली, ‘नळ आला वऽ!’ सहा दिवसांनी आला होता. पांढरी पातळं भराभर उठली, चपलांचा एकच गोंधळ झाला, दोन मिनिटांत विहारात मी आणि सोनेरी मूर्ती उरलो. वाचणारी तेवढी दारात थबकली होती. पानात बोट घालून पुस्तक मिटलेलं, आणि डोळे रांगेतल्या आपल्या हंड्यावर.