चित्र यंत्राचं, हक्क कुणाचा?

मार्च २०२५चा शेवटचा आठवडा आठवतो का? त्या आठवड्यात आपल्या ओळखीतली निम्मी माणसं जपानी कार्टूनमधली होऊन गेली. लग्नाचे फोटो, नातवंडांचे फोटो, बैलजोडीसोबत उभ्या आजोबांचा फोटो, सगळं त्याच मवाळ रंगांत आणि त्याच टपोऱ्या डोळ्यांत. चॅटजीपीटीत चित्रं काढण्याची नवी सोय आली होती, आणि लोक तिच्याकडे जपानच्या घिबली स्टुडिओच्या धाटणीची चित्रं मागत होते. हा स्टुडिओ १९८५ साली सुरू झाला. हायाओ मियाझाकी आणि त्यांचे सहकारी एकेका सिनेमासाठी हजारो चित्रं हातानं काढत आले. ती धाटणी आपल्याला मिनिटभरात, फुकटात मिळाली. मग कुणी विचारलं, ही चोरी नव्हे का?

कायद्याचं सरळ उत्तर असं, की शैलीवर कुणाची मालकी नसते. कॉपीराइट असतो तो प्रत्यक्ष कृतीवर. मकबूल फिदा हुसेन २०११ साली गेले. आपल्या १९५७च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. पण हुसेनसारखे उधळलेले घोडे आजही कुणीही काढावेत, त्यांच्या एखाद्या चित्राची नक्कल करू नये एवढंच.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांना हे समजायला जड जात नाही. गझलेचं वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून तिची ‘जमीन’ होते. दुसऱ्याच्या जमिनीत गझल लिहिणं हा गुन्हा नाही, उलट मान आहे. तरही मुशायऱ्यात तर एक मिसरा देऊन सगळ्यांना त्याच जमिनीत लिहायला बसवतात. मात्र दुसऱ्याचा शेर उचलून आपल्या नावावर खपवला, तर त्याला उर्दूत ‘सरका’ म्हणजे चोरी असंच नाव आहे. जमीन सगळ्यांची, शेर ज्याचा त्याचा.

इथपर्यंत कायदा आणि गझल हातात हात घालून चालतात. अडचण पुढे आहे. माणूस उस्तादाची शैली शिकतो तेव्हा तो वाचतो, ऐकतो, वर्षानुवर्षं आपले कागद तपासून घेतो. यंत्र कसं शिकतं?

‘स्टेबल डिफ्यूजन’ हे चित्रं काढणारं यंत्र ऑगस्ट २०२२ मध्ये खुलं झालं. त्याला शिकवताना वापरलेली चित्रं आली ती ‘लायन’ नावाच्या एका जर्मन संस्थेच्या यादीतून. या यादीत ५८५ कोटी चित्रांचे इंटरनेटवरचे पत्ते आणि त्यांच्यासोबतची वर्णनं होती. त्यातलं एकेक चित्र घ्यायचं, त्यावर थोडी थोडी धूळ उडवत जायची, इतकी की शेवटी नुसते ठिपके उरावेत. मग यंत्राला सांगायचं, आता ही धूळ पुसून दाखव. असं अगणित वेळा केल्यावर यंत्र इतकं तयार होतं, की नुसत्या धुळीतून आणि तुमच्या चार शब्दांतून ते नवंच चित्र पुसून वर काढतं. शिकून झालेल्या या यंत्राची फाइल जेमतेम चार जीबीची. कोट्यवधी चित्रं तिच्यात मावणं शक्यच नाही. म्हणून कंपन्या म्हणतात, आम्ही चित्रं साठवत नाही, फक्त शिकतो.

हे बरंचसं खरं आहे, पण पूर्ण नाही. २०२३च्या आरंभी काही संशोधकांनी याच यंत्राकडून शंभरावर चित्रं जवळजवळ जशीच्या तशी बाहेर काढून दाखवली. ती बहुतेक त्या साठ्यात पुन्हापुन्हा आलेली चित्रं होती. आणि शिकण्यासाठी का होईना, प्रत्येक चित्राची प्रत एकदा तरी करावी लागते. ती विनापरवाना करणं चालतं का, यावरच जगभर दावे चालले आहेत.

त्यातला लंडनचा दावा मला फार बोलका वाटतो. गेटी इमेजेस ही फोटो विकणारी मोठी कंपनी. फोटो चोरीला जाऊ नयेत म्हणून ती त्यावर आपलं नाव पुसट छापते. स्टेबल डिफ्यूजनच्या काही चित्रांत हे नावही उमटायचं, वेडंवाकडं, अक्षरं विरघळल्यासारखं. गझल चोरताना मक्त्यातलं तखल्लुसही चुकून सोबत यावं, तसं झालं हे! तरीही ४ नोव्हेंबर २०२५ला लंडनच्या उच्च न्यायालयाने गेटीचा दावा बहुतांशी फेटाळला. यंत्र इंग्लंडमध्ये शिकवल्याचा पुरावा नसल्यामुळे तो मुख्य आरोप गेटीने आधीच मागे घेतला होता. ज्या यंत्रात चित्रांच्या प्रती साठवलेल्याच नाहीत, ते यंत्र ‘बेकायदा प्रत’ ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या पुसट नावापुरता ट्रेडमार्कचा थोडा भंग मात्र मान्य केला. अमेरिकेत तीन चित्रकर्तींनी जानेवारी २०२३ मध्ये लावलेला दावा ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी पुढे चालू दिला. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल या बड्या कंपन्याही ‘मिडजर्नी’विरुद्ध न्यायालयात गेल्या.

आता दुसरी बाजू. यंत्राकडून काढून घेतलेलं चित्र कुणाचं? अमेरिकेत २०२२ साली कोलोरॅडोच्या जत्रेत मिडजर्नीवर केलेल्या एका चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. करणाऱ्याचं म्हणणं, मी सहाशेहून अधिक वेळा सूचना बदलल्या. तरी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये नोंदणी नाकारली, कारण चित्र माणसाने काढलेलं नव्हतं. आपल्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने एक वाक्य घातलेलं आहे: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. तेव्हा असली यंत्रं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. २०२० साली ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्राला ‘राघव’ या यंत्रासह सहकर्तृत्वाची नोंदणी आपल्याकडे मिळाली, आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेण्याची नोटीसही निघाली. म्हणजे पाच मिनिटांत करून घेतलेलं पुस्तकाचं मुखपृष्ठ उद्या दुसऱ्या प्रकाशकाने उचललं, तर त्याला अडवता येईलच अशी खात्री नाही. मुखपृष्ठाचे पैसे वाचवणाऱ्या माझ्या कवीमित्रांनी एवढं ध्यानात ठेवावं.

कायद्यात न बसणारे प्रश्नही आहेत. ग्रेग रुत्कोव्स्की हा पोलंडचा चित्रकार. त्याच्या नावाने लोकांनी हजारो चित्रं मागवली, इतकी की त्याचं नाव शोधलं तर आपलीच चित्रं या गर्दीत सापडायची नाहीत, अशी भीती त्याला वाटू लागली. एका अमेरिकन कलावंत बाईंना तर उपचारांच्या वेळी डॉक्टरांनी काढलेले स्वतःचे फोटो त्या ‘लायन’च्या यादीत सापडले.

यंत्राने हात काढून घेणं आम्ही उर्दूत एकदा पाहिलेलं आहे. उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहायचे, मग ती छापली जायची. १९८१ साली पाकिस्तानातल्या मिर्झा अहमद जमील यांनी नस्तालीक लिपीची सुमारे वीस हजार अक्षरजोडणी संगणकासाठी स्वतः लिहून काढली. वडिलांच्या नावावरून त्या अक्षराला ‘नूरी नस्तालीक’ म्हटलं. कातिबांची रोजी त्यानंतर हळूहळू गेलीच, ते दुःख मोठं आहे. पण ज्याचं अक्षर यंत्रात गेलं त्याला ते ठाऊक होतं, त्यानं ते स्वखुशीनं दिलं, आणि त्याच्या बापाचं नाव आजही त्या अक्षरावर आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक कार्यपत्रिका काढली. तिचा प्रस्ताव असा: रीतसर उपलब्ध असलेली कोणतीही कृती कंपन्यांनी यंत्राला शिकवायला वापरावी, परवानगी लागणार नाही, मात्र मिळकतीतला ठरावीक हिस्सा एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावा आणि तिने तो कलावंतांना वाटावा. पैसे मिळण्याची सोय पहिल्यांदाच होतेय, हे चांगलंच. पण कलावंताला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क यात ठेवलेला नाही, आणि तो असायलाच हवा असं माझं मत आहे. शिवाय हिस्सा हवा तर कृतीची नोंद लागणार. दिवाळी अंकांत रेखाटनं करणारे, गणपती मंडळांचे पडदे रंगवणारे, दुकानांच्या पाट्या लिहिणारे आपले किती चित्रकार अशी नोंद ठेवतात? कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, पण एका कलाकृतीची नोंदणी पाचशे रुपयांत होते, आणि ती वस्तूंवर वापरायची असेल तर दोन हजारांत. तेवढंही जमत नसेल, तर कच्ची रेखाटनं फेकू नका. मागे तारीख घालून ठेवा.