लसीची चाचणी आणि निरोगी स्वयंसेवक

औषध रोग्यास देतात, लस मात्र निरोगी माणसास टोचतात. म्हणून ती सर्वांना देण्यापूर्वी तिच्यापासून अपाय होत नाही, याची खात्री निरोगी माणसांवरच करून घ्यावी लागते. अशा चाचणीसाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांस स्वयंसेवक म्हणतात.

बेळगावचा लसीशी संबंध जुना आहे. टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव त्याची साक्ष देते. देवीच्या निर्मूलनासाठी देशात लस तयार करणाऱ्या चार संस्थांपैकी एक बेळगावात होती. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. पुढे २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा ‘कोव्हॅक्सिन’ लसीच्या चाचणीसाठी देशातील १२ संस्था निवडण्यात आल्या. त्यांत बेळगावचे जीवनरेखा रुग्णालय होते.

चाचणीचे टप्पे

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू वाढवून, रसायनाने निष्क्रिय करून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने ही लस बनविली. मृत विषाणू रोग उत्पन्न करू शकत नाही. शरीर मात्र त्याची ओळख करून घेते व प्रतिकारास सिद्ध होते.

प्राण्यांवरील प्रयोगांनंतर जुलै २०२० मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. देशभरात ८२७ जणांची तपासणी होऊन १८ ते ५५ वर्षे वयाचे ३७५ जण निवडले गेले. ३०० जणांस लसीचे निरनिराळे प्रकार व ७५ जणांस विषाणूविरहित द्रव टोचण्यात आला. कोणास काय दिले, हे स्वयंसेवकास वा टोचणाऱ्यास ठाऊक नव्हते. एकास फुप्फुसाचा गंभीर आजार झाला. त्याचीही नोंद व चौकशी झाली आणि त्याचा लसीशी संबंध नसल्याचा निष्कर्ष निघाला.

दुसऱ्या टप्प्यात ३८० जण होते. तिसऱ्यात २५,७९८ जणांचे जवळजवळ समान दोन गट केले. पुढे लक्षणांसह कोरोना झालेल्या १३० जणांपैकी २४ लस घेतलेले, तर १०६ न घेतलेले निघाले. यावरून लसीची परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता.

घाई आणि विश्वास

लस १५ ऑगस्ट २०२० पर्यंत उपलब्ध व्हावी, असे उद्दिष्ट आरंभी एका पत्रात नमूद झाले होते. ते अवास्तव असल्याची टीका शास्त्रज्ञांनी केली. तिसऱ्या टप्प्याचा निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच ३ जानेवारी २०२१ रोजी आणीबाणीच्या वापरास परवानगी मिळाली, तिच्यावरही आक्षेप आले. पुढे आकडे प्रसिद्ध झाले आणि ३ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. तथापि लोकांचा विश्वास केवळ फळावर नव्हे, तर फळापर्यंत पोचण्याच्या मार्गावरही अवलंबून असतो.

स्वयंसेवकाचे हक्क

२०१९ च्या नियमांनुसार नीतिविषयक समितीच्या मान्यतेवाचून चाचणी करता येत नाही. स्वयंसेवकास त्याला समजणाऱ्या भाषेत सर्व माहिती देऊन त्याची लेखी संमती घ्यावी लागते. निपाणी, खानापूर, चिकोडी या भागांत कोणाची भाषा मराठी, तर कोणाची कानडी. न समजलेल्या कागदावर उमटविलेला अंगठा ही संमती नव्हे. स्वयंसेवकास केव्हाही चाचणीतून बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई मिळण्याचा त्यास हक्क आहे.

म्हणून गावात असे आवाहन आल्यास ग्रामस्थांनी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात : लस कोणाची आहे? समितीची मान्यता आहे काय? त्रास झाल्यास जबाबदार कोण? संमतिपत्राची प्रत मिळेल काय? शिक्षकांनी ते पत्र वाचून समजावून द्यावे. निर्णय मात्र ज्याचा त्यानेच घ्यावा. समजून दिलेला होकार व समजून दिलेला नकार, दोन्ही सारखेच आदरणीय आहेत.