घामाचा जमाखर्च

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे निघालेल्या वाटसरूस ओतूरच्या अलीकडे डिंगोरे लागते, आणि चैत्राच्या उन्हात या बाजूच्या शिवारात कांदा काढणाऱ्या माणसाकडे पाहिले तर त्याच्या अंगावर पाणी असे फारसे दिसत नाही. दिसतात त्या सदऱ्याच्या पाठीवर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. घाटाखाली मुरबाडला मात्र नुसते बसले तरी घामाच्या धारा लागतात. यावरून खालच्या माणसाला घाम अधिक येतो असा निवाडा कोणी दिला, तर तो फसवा ठरेल. कारण घाटावरील कोरडी हवा घाम येताक्षणी शोषून घेते, आणि घामाचे खरे आरोग्यकार्य गळण्यात नसून वाळण्यात आहे. एक लिटर घामाची वाफ होताना देहाकडून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णतेची जकात वसूल होते. तोच घाम ओघळून मातीत पडला, तर वसुली जवळजवळ शून्य. दमट हवेतील ऊन त्यामुळेच घातक. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने 14 जणांचे प्राण गेले, तेव्हा तेथील तापमान विदर्भातल्या उन्हाळ्याच्या मानाने काही मोठे नव्हते.

घामावाटे शरीरातील विष बाहेर पडते, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला आधार तोकडा आहे. घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ. विषाचा बंदोबस्त हे यकृत आणि मूत्रपिंडे यांचे खाते. त्वचेच्या रक्षणात मात्र घामाचा वाटा आहे, कारण घामात डर्मसिडिन नावाचे जंतुनाशक द्रव्य असल्याचे जर्मन संशोधकांनी 2001 मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात घाम काढण्याच्या उपचारांना एक स्वतंत्र अध्यायच दिलेला असून, अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या 13 स्वेदांखेरीज अग्नीवाचून घडणाऱ्या 10 स्वेदांत व्यायामाबरोबर भय आणि क्रोध यांचीही गणना केलेली आहे. पूर्वी तगाईच्या, म्हणजे सरकारी शेतीकर्जाच्या, अर्जासाठी मामलेदार कचेरीत दिवसभर ताटकळणाऱ्या कुणब्यास हे शेवटचे दोन्ही उपचार विनामूल्य लाभत असावेत!

घाम गाळणे ही देहाने कमावण्याची विद्या आहे. रोज उन्हात राबणाऱ्याचा घाम लवकर सुटतो, अधिक येतो, आणि त्यातून मीठही कमी जाते; ही सवय अंगी मुरण्यास सुमारे 10 ते 14 दिवस लागतात आणि काही आठवड्यांच्या खंडाने ती ओसरते. म्हणून वातानुकूलित कचेरीतून यात्रेसाठी गावी आलेल्या मुंबईकराने पहिल्याच दिवशी चुलत्याच्या बरोबरीने भर दुपारी वाफ्यात उतरू नये. पहिले काही दिवस सकाळचे तास-दोन तास काम करावे, तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे, भाकरीबरोबर मीठ घातलेले ताक घ्यावे, आणि कोणी उन्हात बरळू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याच्या अंगाला घाम असो वा नसो, त्याला सावलीत आणून, अंगावर पाणी ओतून, वारा घालीत तडक दवाखाना गाठावा.