उत्तर एआयचे, भिस्त शोधावर

महाराष्ट्र शासनाचा कुठलाही अलीकडचा शासन निर्णय उघडा. शेवटच्या परिच्छेदात त्याचा संकेतांक दिलेला असतो. अठरा आकडी संख्या, आणि तिचे पहिले आठ आकडे म्हणजे साल, महिना, दिवस. जिल्हा परिषदेतला लिपिक असो, सेवानिवृत्तीचे प्रकरण अडकलेले गुरुजी असोत की शासकीय अनुदानावर संस्था चालवणारा कार्यकर्ता, या सगळ्यांची कामे असल्या आकड्यांवर आणि तारखांवर चालतात. आता हीच मंडळी एआयला प्रश्न विचारू लागली आहेत. तो आकडा मॉडेलच्या स्मरणात असेल अशी अपेक्षा करणे चूक आहे. भाषा-मॉडेल पुढचा शब्द जुळवते, त्यामुळे आकडा माहीत नसला तरी आकड्यासारखे काहीतरी ते छान जुळवून देईल. सरकारी कामात असे उत्तर ‘माहीत नाही’ या उत्तरापेक्षा जास्त घातक असते.

यावर रूढ झालेला उपाय असा : प्रश्न आला की आधी आपल्या कागदपत्रांत शोध घ्यायचा, सापडलेले उतारे मॉडेलसमोर ठेवायचे आणि फक्त त्यांच्या आधारे उत्तर लिहायला सांगायचे. २०२० मध्ये पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून या पद्धतीला ‘रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन’, थोडक्यात ‘रॅग’, हे नाव मिळाले. नाव नवे असले तरी त्यातला पहिला टप्पा, म्हणजे शोध, हा जुना आणि चांगला मुरलेला विषय आहे. या टप्प्यावर चुकीचा उतारा हाती आला, तर पुढे कितीही महागडे मॉडेल लावा, उत्तर चुकणारच.

गेल्या काही वर्षांत शोध म्हटले की सगळे ‘व्हेक्टर’कडे धावतात. यात मजकुराच्या अर्थाचे शेकडो आकड्यांच्या रांगेत रूपांतर होते आणि जवळच्या अर्थाचे उतारे सापडतात. ‘वडील नोकरीत असताना वारले, मुलाला नोकरी मिळेल का?’ या प्रश्नातून ‘अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती’पर्यंत पोहोचायला ही पद्धत उत्तम. पण अठरा आकडी संकेतांक, नियमाचा क्रमांक, एखाद्या वाडीचे नाव इथे ती अडखळते, कारण आकड्याला अर्थ नसतो, फक्त ओळख असते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की कागदपत्रांवर चालणारा एआय उभारताना पहिली वीट शब्दशोधाची हवी.

या शोधाचे यंत्र समजायला सोपे आहे. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची शोधाचा सर्व्हर प्रत्येक शब्दासाठी बनवतो : हा शब्द कुठल्या कागदात, कितव्या जागी. मग प्रश्न उरतो क्रमवारीचा. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन द्यावे, हा विचार केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडला. ‘शासन’ हा शब्द प्रत्येक कागदात असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. ‘अनुकंपा’वरून बरेच ठरते. पुढे स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी कागदाची लांबी व शब्दाची पुनरावृत्ती यांचा हिशेब घालून ‘बीएम-२५’ हे सूत्र १९९४ च्या सुमारास पक्के केले. ते आजही टिकून आहे. डग कटिंग यांनी खुले केलेले ‘ल्युसीन’, त्यावर उभे राहिलेले ‘सोलर’ आणि ‘इलास्टिकसर्च’, २०२१ मध्ये इलास्टिकसर्चमधून फुटलेले ‘ओपनसर्च’ या सगळ्यांत तेच सूत्र आहे. काही हजार कागदांसाठी एवढाही पसारा नको. ‘एसक्यूलाइट’ या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमध्ये ‘एफटीएस-५’ नावाची शब्दशोधाची सोय आहे आणि ती साध्या लॅपटॉपवर चालते.

इथून पुढे मराठीचा प्रश्न सुरू होतो. तो नीट समजून घ्यायला हवा.

एफटीएस-५ मजकुराचे शब्द पाडताना मूळ जडणीत फक्त अक्षरे आणि आकडे शब्दाचा भाग मानते. युनिकोडच्या वर्गवारीत आपले काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार ही ‘अक्षरे’ नाहीत, ती जोडचिन्हे आहेत. परिणामी ‘पाणी’ या शब्दाचा काना आणि वेलांटी गळते आणि सूचीत ‘प’ व ‘ण’ असे दोन तुकडे जातात. ‘पुणे’चेही तेच दोन तुकडे होतात. म्हणजे पाणीपुरवठ्याचा कागद शोधायला ‘पाणी’ लिहिले की पुण्याचे सगळे कागद हजर! कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतलेली असते, ती उत्तम पार पडते, आणि मराठी वापरणारा ‘एआयला मराठी येत नाही’ म्हणून सोडून देतो. उपाय एका ओळीचा आहे. टेबल बनवताना शब्दाचा भाग मानायच्या वर्गांत जोडचिन्हांचे दोन्ही वर्ग घालायचे. पण तो करायचा असतो, हे आधी माहीत हवे.

पुढचा अडथळा ‘ऱ्य’चा. ‘शेतकऱ्यांना’मधला तो र काहींनी स्वतंत्र ‘ऱ’ वापरून टाइप केलेला असतो, काहींनी र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. सूची करण्याआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणला नाही, तर निम्मे शेतकरी सापडत नाहीत. आणि शोधणाऱ्याचा प्रश्नही त्याच चाळणीतून जायला हवा; हे हमखास विसरले जाते.

त्याहून मोठे काम विभक्तीचे. शेतकरी, शेतकऱ्याला, शेतकऱ्यांसाठीच्या : आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहितो, त्याआधी मूळ शब्दाचे सामान्यरूपही होते. इलास्टिकसर्चच्या तयार भाषा-विश्लेषकांत हिंदी आणि बंगाली आहेत, मराठी नाही. स्वतः प्रत्यय छाटायला जावे तर ‘ला’ काढताना ‘कला’चा नुसता ‘क’ उरतो, म्हणून किमान लांबीची अट आणि अपवादांची यादी लागते. एआय जोडीला असल्यामुळे एक सोयीचा मार्ग मात्र निघाला आहे. शोध घेण्यापूर्वी मॉडेललाच सांगायचे, प्रश्नातल्या मुख्य शब्दांची सामान्यरूपे आणि शासकीय पर्याय दे. मग ‘शेतकरी’बरोबर ‘शेतकऱ्या’ने सुरू होणारे सगळे शब्द, आणि ‘सातबारा’बरोबर ‘अधिकार अभिलेख’ हेही शोधता येतात.

अर्थात आधी मजकूर हाती यायला हवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दिसते मराठी, पण आत रोमन चिन्हांचा खच असतो. ती युनिकोडमध्ये बदलावी लागते. स्कॅन केलेल्या पानांसाठी ‘टेसरॅक्ट’ या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात वेलांट्या जागा सोडतात. कंटाळवाणे काम आहे खरे, पण सर्व्हर उभारणीतला बहुतेक वेळ इथेच द्यावा.

कागदाचे तुकडे परिच्छेदानुसार पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यावर विभाग, तारीख, संकेतांक चिकटवावा. निर्णय अधिक्रमित झाला असेल किंवा त्याला शुद्धिपत्रक निघाले असेल, तर तशी नोंद हवीच. नाहीतर रद्द झालेल्या निर्णयाचा उतारा एआय तितक्याच खात्रीने पुढे करील. मग व्हेक्टर शोध खुशाल जोडा. दोन्ही शोधांच्या निकालांच्या याद्या एकत्र करायला २००९ मध्ये मांडलेली सोपी रीत पुरते : प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, त्याने १ ला भागायचे आणि येणाऱ्या संख्यांची बेरीज करायची. दोन्हीकडे वर असलेला कागद आपोआप वर येतो. सर्व्हर आणि एआय जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ आता सर्रास वापरात आहे.

सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवू नका. २०२० मध्ये ‘म्याव’ नावाच्या हल्ल्यात पासवर्ड नसलेले हजारो डेटाबेस पुसले गेले, त्यात इलास्टिकसर्चचे बरेच होते. कुणाला कुठला कागद दिसावा, ही चाळणी शोधाच्या पातळीवरच लावायची. ‘हे सांगू नकोस’ अशी विनंती मॉडेलला करून गोपनीयता राहत नाही.

या सगळ्यात मराठीसाठी जे तुटक तुटक करावे लागते, ते एकदाच, नीट आणि सर्वांसाठी होऊ शकते. ल्युसीनचा कोड खुला आहे, त्यात भर कुणालाही सुचवता येते. सामान्यरूपांचे आणि विभक्तीचे नियम मोरो केशव दामले यांनी १९११ मध्येच ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त तपशीलवार मांडून ठेवले आहेत. संगणक आणि मराठी या दोन विभागांतल्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून मराठीचा विश्लेषक लिहावा आणि तो ल्युसीनला द्यावा. प्राध्यापकांनी येत्या सत्राच्या प्रकल्पांच्या यादीत हा विषय घालावा, ही कळकळीची विनंती.