तीस सेकंदांचा धीर

पेन ड्राइव्ह खोचल्यापासून पडद्यावर त्याचं चित्र उमटेपर्यंत आत काय घडतं, एवढंच बघायला निघालेला माणूस लिनक्स चालवणाऱ्या एखाद्या डेस्कटॉपवर चालू प्रक्रियांची यादी काढतो. त्या यादीत एक विचित्र नाव त्याला ओळीनं सहा वेळा भेटतं: एससीएसआय_ईएच_०, एससीएसआय_ईएच_१, असं पाचापर्यंत. सहाही झोपलेले. मशीन आठवडाभर चालू असलं, तरी प्रोसेसरचा किती वेळ खाल्ला या रकान्यात त्यांच्यापुढे शून्यच दिसतं. मदरबोर्डावर साटाचे सहा पोर्ट आहेत आणि डिस्क एकच. म्हणजे पाच जण तर रिकाम्या दारांवर पहारा देताहेत.

‘एससीएसआय’चा उच्चार स्कझी, आणि ‘ईएच’ म्हणजे एरर हँडलर. काही बिघडलं तरच उठायचं, एवढंच त्यांचं काम.

पेन ड्राइव्ह बघायला आलेला माणूस इथंच रेंगाळतो. पण या झोपलेल्यांची गोष्ट कळायची तर आधी त्या घरात कोण कोण राहतं, ते माहीत हवं.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा एक कबुलीही देऊन टाकली होती: एटी हार्ड डिस्कखेरीज दुसरी कुठलीही डिस्क तिच्यावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याकडे तेवढीच आहे. हे भाकीत वर्षभरही टिकलं नाही. लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, स्कझीच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर १९९२ साल आणि ड्रू एकहार्ट हे नाव आहे, खाली एरिक यंगडेल, त्याखाली ख्रिस्तोफ हेलविग. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पाट्या एकीखाली एक बसवत जाव्यात, तशी ती नावं.

स्कझी त्याच्याही आधीची. मूळ कल्पना अमेरिकेतल्या शुगार्ट असोसिएट्स या डिस्क बनवणाऱ्या कंपनीतली, लॅरी बाउचर यांच्या पुढाकारातली. पुढे १९८१ मध्ये बाउचर यांनी अडॅप्टेक ही कंपनी काढली आणि १९८६ मध्ये स्कझी अमेरिकेचं अधिकृत मानक झाली. कल्पना साधी होती. डिस्कच्या पोटात चकत्या किती, डोकी किती, ही चौकशी संगणकानं करायचीच नाही. ‘अमक्या क्रमांकापासून इतके ब्लॉक दे’ एवढंच म्हणायचं. बाकीचं डिस्कचं डिस्क बघेल. संगणकाच्या बाजूला उरलं एक कार्ड, हुकूम केबलवर सोडणारं आणि उत्तर आत घेणारं. तोच होस्ट अडॅप्टर. सुरुवातीच्या स्कझीत एका केबलवर आठ पत्ते असत आणि अडॅप्टर सहसा सात नंबरचा पत्ता स्वतःकडे ठेवी, कारण केबलवर बोलायचा पहिला मान त्या नंबराला.

हुकमांची भाषा एक झाली, पण कार्डं एकसारखी झाली नाहीत. अडॅप्टेकच्या कार्डाला हुकूम द्यायची रीत निराळी, दुसऱ्या कंपनीच्या कार्डाची निराळी. वरच्या बाजूला डिस्क, सीडी, टेप असे प्रकार, आणि खाली दहा कंपन्यांची कार्डं. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहायचा म्हटलं तर जन्म जायचा. म्हणून मध्ये अडत्या बसवला. वरचे ड्रायव्हर काय मागायचं ते जाणतात, खालचे ड्रायव्हर कार्डाच्या खाणाखुणा जाणतात, आणि मधला थर माल इकडून तिकडे लावतो, रांग सांभाळतो, हिशेब ठेवतो. विंडोजनं हीच वाटणी पोर्ट आणि मिनीपोर्ट या नावांनी केली, फ्रीबीएसडीनं ‘कॅम’ या नावानं. नावं वेगळी, पेढी तीच.

खालचा ड्रायव्हर मधल्या थराकडे येतो तो एक कोष्टक भरून. माझं नाव अमुक. एका वेळी इतके हुकूम पेलेन. हुकूम द्यायचा असला तर या फंक्शनला हाक मारा. आणि बिघडलं, तर हुकूम मागे घ्यायला हे फंक्शन, डिस्क झटकायला हे, अख्खं कार्ड झटकायला ते. कोष्टकातल्या या शेवटच्या रकान्यांकडे नवशिक्यांचं सहसा लक्ष जात नाही.

कार्ड आणि ड्रायव्हर यांची गाठ पडते ती आकड्यांवर. पीसीआयवरचं प्रत्येक कार्ड स्वतःबरोबर बनवणाऱ्याचा एक क्रमांक आणि मॉडेलचा एक क्रमांक बाळगतं. इंटेलनं आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, म्हणजे स्वतःच्याच १९७८ च्या प्रोसेसरचं नाव; कंपन्यांनाही हौस असते. ड्रायव्हर आपल्या यादीतले क्रमांक कर्नलला देतो, जुळले की कर्नल त्याला ‘बघ, हे तुझं का’ म्हणून बोलावतं. मग ड्रायव्हर कार्डाच्या रजिस्टरांसाठी मेमरीतली जागा ताब्यात घेतो, इंटरप्ट मागून घेतो, आणि दार उघडतं. एएचसीआय जातीच्या साटा कंट्रोलरना तर कुळाचीही गरज नाही. ‘मी या वर्गातला’ एवढा वर्गाचा क्रमांक पुरतो, कारण सगळ्यांची रजिस्टरं एकाच नमुन्याची.

ही जुळणी चुकली की काय होतं, ते विंडोज एक्स्पीच्या दिवसांत मशीन जुळवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मग तो लॅमिंग्टन रोडवरचा असो की तालुक्याच्या गावचा. नवं मशीन, साटा डिस्क, बायोसमध्ये एएचसीआय चालू. एक्स्पीकडे त्याचा ड्रायव्हर नाही. निळा पडदा, शेवटी ७बी. सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायची सोय होती, पण लॅपटॉपना फ्लॉपी राहिली नव्हती. मग बायोसमध्ये जाऊन ‘आयडीई’ निवडायचं. सुंठीवाचून खोकला गेला.

दार उघडलं की मधला थर पत्त्यापत्त्यावर जाऊन एक प्रश्न विचारतो. त्या हुकमाचं नावच ‘इन्क्वायरी’. गावात नवा पाहुणा आला की पारावरची मंडळी विचारतात तसंच: कोण, कुठले, कुणाचे? उत्तराचा ठरावीक भाग ३६ बाइटांचा. पहिल्या बाइटात जात: ० म्हणजे डिस्क, १ म्हणजे टेप, ५ म्हणजे सीडी. पुढे कंपनीच्या नावाला आठ अक्षरं, मॉडेलला सोळा, आवृत्तीला चार. पेन ड्राइव्ह खोचल्यावर लॉगमध्ये कंपनीचं आणि मॉडेलचं नाव उमटतं, ते इथून आलेलं. दोन-तीनशे रुपयांचा तो पेन ड्राइव्ह खरोखरच स्कझी बोलतो: यूएसबीवरून ३१ बाइटांचं पाकीट जातं, सुरुवातीला ‘यूएसबीसी’ ही चार अक्षरं आणि आत जुन्याच वाचन-हुकमाचा आकडा, हेक्झाडेसिमल २८.

साटा डिस्कचं मात्र सोंग आहे. तिच्यापुढे कंपनी म्हणून नुसतं ‘एटीए’ छापलं जातं. ती स्कझी बोलत नाही. जेफ गार्झिक यांनी सुरू केलेलं लिबएटीए तिच्या वतीनं भाषांतर करतं. एटी डिस्कखेरीज काहीच चालणार नाही म्हणणाऱ्या सिस्टिमनं २०२१ मध्ये जुना आयडीई थर काढून टाकला, आणि उरल्यासुरल्या जुन्या डिस्कसुद्धा या स्कझीच्या दारातूनच आत येऊ लागल्या.

या विचारपूस-विभागाला एक काळी यादी जोडलेली आहे. विचित्र वागणाऱ्या उपकरणांची नावं आणि कुणाशी कसं वागायचं याच्या खुणा. पहिलंच नाव आहे ‘आशिमा’. वाचून एखाद्या शेजारणीची आठवण व्हावी, पण तो स्कॅनर होता, इमेजरी २४००एसपी. पुढे शेरा दोनच शब्दांचा: अडकून बसतो. त्याला एका पत्त्यावर एकदाच विचारायचं, पुढचे उपपत्ते धुंडाळायचे नाहीत.

आता ते झोपलेले.

वरच्या ड्रायव्हरनं डिस्कला हुकूम दिला की घड्याळ लागतं. डिस्कसाठी ठरलेली मुदत ३० सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर आधी तेवढाच हुकूम मागे घेऊन बघतात. तेही जमलं नाही, तर अडॅप्टरच्या नावाचा एररवाला उठवायचा. पण तो उठतो तरी लगेच कामाला लागत नाही. त्या अडॅप्टरवर नवा हुकूम सोडणं बंद होतं, आणि आधी गेलेल्या सगळ्या हुकमांचा निकाल लागेपर्यंत, मग यश असो की अपयश, तो थांबतो. कर्नलमधली अट अगदी एका ओळीची आहे: बाहेर असलेले हुकूम आणि फसलेले हुकूम यांची संख्या सारखी झाली पाहिजे.

कागदावर हे शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात, एका कार्डाला चोवीस डिस्क लावलेल्या सर्व्हरमध्ये एक डिस्क घुम्यासारखी बसली की तेवीस निरोगी शेजाऱ्यांचंही काम थांबतं. गल्लीच्या तोंडाशी वरात अडावी आणि मागे दूधवाल्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांनी ताटकळावं, तसं. घरच्या साटा पोर्टांना हा ताप नाही, कारण तिथं प्रत्येक पोर्ट हाच स्वतंत्र अडॅप्टर मानलेला आहे. म्हणून तर त्या यादीत सहा नावं. त्यांना वरकामही आहे. लिबएटीएची ही बाजू तेजुन हिओ यांनी नव्यानं बांधली तेव्हापासून मशीन सुरू होताना पोर्टवर कुणी आहे का, हे बघायलाही हाच एररवाला जातो. ते चार क्षण सोडले तर झोप.

सगळे हुकूम परतले की तो पायऱ्या चढू लागतो. आधी फक्त ती डिस्क झटकायची. उठली का? एक छोटा हुकूम पाठवून बघायचं: तयार आहेस? नाही. मग अख्खी बस झटकायची. पुन्हा तोच प्रश्न. मग अख्खं कार्ड. साटावर पायऱ्या थोड्या वेगळ्या, तिथं लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ अशा ओळी येत राहतात, आणि सारखं बिघडत राहिलं तर ६ गिगाबिटांची लिंक ३ वर उतरवली जाते, मग दीडवर. सैल झालेली केबल बदलली की ही सगळी रामकहाणी थांबल्याचा अनुभव अनेकांना आहे. आणि कशानंच जमलं नाही, तर स्कझीच्या बाजूला शेवटची ओळ उमटते: डिव्हाइस ऑफलाइन केलं, दुरुस्तीनंतरही तयार नाही. त्यापुढे त्या डिस्ककडे निघालेला प्रत्येक हुकूम दारातूनच परत.

इथपर्यंत कौतुक वाटतं. काळजी सुरू होते ती ३० या आकड्यापासून.

कारण डिस्कलाही स्वतःचा धीर असतो. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, डोकं किंचित सरकवून बघते, आणि या काळात दुसऱ्या कुणाला उत्तर देत नाही. घरगुती वापराच्या डिस्क यात दोन मिनिटं किंवा त्याहून जास्तही घालवू शकतात. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. डेटाची ती एकुलती एक प्रत असेल, तर जिवाचं रान करायलाच हवं. रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच साठा करण्यासाठी, विकल्या जाणाऱ्या डिस्क मात्र सहसा सात सेकंदांत हात वर करतात, कारण रेडमध्ये तोच मजकूर उरलेल्या डिस्कांवरून काढता येतो.

घोळ होतो तो स्वस्तातल्या घरगुती डिस्क रेडला लावल्या की. एक सेक्टर खराब होतो. डिस्क नेटानं वाचत बसते. तिसाव्या सेकंदाला कर्नलचा धीर संपतो आणि एररवाला उठून लिंक झटकतो. डिस्क अजून आपल्याच कामात गुंग, उत्तर नाही. तिनं सातव्या सेकंदाला ‘वाचता येत नाही’ म्हटलं असतं, तर रेडनं तो मजकूर दुसरीकडून काढून त्याच जागी पुन्हा लिहिला असता, डिस्कनं खराब सेक्टर बदलून टाकला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. आता तेच लिहिणं फसतं आणि चांगली चालणारी डिस्क रेडमधून बाहेर फेकली जाते. मालक नवी डिस्क लावतो. नवी भरायची तर उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. अशा वेळी वर्षानुवर्षं न वाचलेला एखादा कोपरा दुसऱ्या डिस्कवर निघतो, ती नेटानं वाचत बसते, पुन्हा तीस सेकंद. एका डिस्कचं नुकसान सोसायची सोय असलेल्या रेडमधून दोन डिस्क गेल्या की फायली गेल्या. वाईट एवढंच की त्या क्षणी एकही डिस्क मेलेली नसते.

यावरचे उपाय मधल्या थरात नाहीत, माणसाच्या हातात आहेत. डिस्क ऐकत असेल तर तिला धीराची मर्यादा म्हणून ७० हा आकडा द्यायचा; मोजणी सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे सात सेकंद. पण बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, त्यामुळे मशीन सुरू होताना दर वेळी पुन्हा सांगावं लागतं. जी डिस्क हे ऐकतच नाही, तिच्यासाठी कर्नलचाच धीर वाढवायचा, ३० चे १८० करायचे. म्हणजे डिस्क बिघडली तर सगळं तीन मिनिटं गोठेल, पण निदान उगाच कुणी फेकलं जाणार नाही. घरोघरीच्या छोट्या सर्व्हरांत या दोन ओळींची एखादी स्क्रिप्ट कुठेतरी पडलेली असते. लिहिणाऱ्याला ती का लिहिली ते आठवतही नसतं.

नव्या मशीनमधला अडत्या आता बराचसा रिकामा झाला आहे. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमईनं स्कझीचा थर बाजूला ठेवून स्वतःचा रस्ता काढला. एएचसीआयच्या पोर्टमागे एक रांग आणि तिच्यात ३२ हुकूम मावत. इथं रांगा ६५ हजारांच्या घरात, आणि प्रत्येकीत तेवढेच हुकूम. ड्रायव्हर नवा, भाषा नवी, केबलही नाही. मुदतीच्या रकान्यात मात्र पुन्हा तेच ३० सेकंद येऊन बसले.

अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये ज्याला डिस्क म्हणतात, ती जाळ्यापलीकडे कुठेतरी असते आणि तरीही मशीनला एनव्हीएमई म्हणूनच दिसते. तिथं अडथळा आला तर तीस सेकंदांत हाय खाऊन उपयोग नाही, म्हणून त्यांची कागदपत्रं ही मुदत शक्य तेवढी मोठी ठेवायला सांगतात. नव्या कर्नलमध्ये तो आकडा ४२९४९६७२९५ सेकंद येतो. वर्षांत मोजला तर १३६.