दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला का?

आजचा विषय जरा तेलकट आहे, पोकलेनचा. हसू नका. आपल्या भागात किती घरांचे हप्ते या पिवळ्या यंत्रांवर चालतात, ते गटाच्या वह्या बघितल्या की कळतं, आणि सहयोगिनी म्हणून मी त्या वह्या दर महिन्याला बघते. यंत्र उभं राहिलं की पहिला थकतो तो बाईच्या नावावरचा हप्ता.

गेल्या उन्हाळ्यात एका गटाच्या मासिक सभेत एका ताईंनी सेन्सरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. महिन्यात दुसऱ्यांदा. शेततळ्याचं काम चालू असताना यंत्रावर दिवा लागला, दोन दिवसांनी ताकद कमी झाली, बकेट भरून वर घेताना इंजिन दम टाकायला लागलं. मिस्त्री आला, म्हणाला, "धुराचा सेन्सर गेलाय." पाच आकडी रक्कम देऊन नवा बसवला. दिवा विझला. चौथ्या दिवशी पुन्हा लागला. आता मिस्त्री म्हणत होता, दुसराही बदलू.

मी विचारलं, "पडद्यावर नंबर काय आला होता?" कुणी लिहून ठेवलाच नव्हता.

आधी हा सेन्सर असतो कशाला ते सांगते. आपल्याकडे बांधकामाच्या यंत्रांना धुराचे चौथ्या टप्प्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागले आणि पाचव्या टप्प्याचे १ जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे अलीकडच्या मोठ्या पोकलेनच्या सायलेन्सरमध्ये एक छोटा कारखानाच असतो. एका भागात काजळी अडते, त्याला डीपीएफ म्हणतात. दुसऱ्या भागात गरम धुरावर युरियाचं पाणी फवारतात, त्यातून अमोनिया होतो आणि धुरातल्या नॉक्स नावाच्या विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. त्याला एससीआर म्हणतात. प्रत्येक यंत्रात दोन्ही असतातच असं नाही. हे काम नीट होतंय का, हे बघायला जागोजागी सेन्सर आहेत: धूर आत जाताना एक नॉक्स सेन्सर, बाहेर पडताना दुसरा, तापमानाचे तीन-चार, काजळीच्या जाळीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब बघणारा एक, आणि युरियाच्या टाकीत एक.

आता मुद्द्याचं. पोराच्या काखेत थर्मामीटर लावलं आणि ते १०३ दाखवतंय. तर थर्मामीटर बिघडलंय, की पोराला खरंच ताप आहे? यंत्राच्या बाबतीत हाच प्रश्न आधी विचारायचा असतो, आणि त्याचं निम्मं उत्तर पडद्यावरच लिहिलेलं असतं. तिथे दोन आकडे येतात. पहिला मोठा, त्याला एसपीएन म्हणतात, तो दुखतंय कुठे ते सांगतो. दुसरा छोटा, एफएमआय, तो कसं दुखतंय ते सांगतो. छोटा आकडा ३, ४ किंवा ५ असेल तर बहुतेक वेळा दोष विजेचा: वायर तुटलेली, घासलेली, कनेक्टरमध्ये पाणी, किंवा सेन्सरच गेलेला. म्हणजे थर्मामीटर तपासा. तोच आकडा ०, १, १६ किंवा १८ असेल तर यंत्र म्हणतंय, थर्मामीटर ठीक दिसतंय, पण ताप आहे किंवा अंग गार पडलंय. तिथे लगेच सेन्सर बदलणं म्हणजे ताप उतरावा म्हणून नवं थर्मामीटर आणणं.

ताईंनी ड्रायव्हरला फोन करून फोटो मागवला. आकडे आले ४३६४ आणि १८. याचा अर्थ, एससीआर नॉक्स पुरेसा मारत नाही. सेन्सर गेला असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. बाहेरचा सेन्सर बिचारा खरं बोलत होता, आणि त्यालाच काढून टाकलं होतं.

मग नॉक्स का मरत नाही? युरिया पातळ झाला असेल, कमी फवारला जात असेल, किंवा धुराच्या पाइपाला गळती असेल. इथे ताईंची वही कामाला आली. डिझेल आणि युरिया दोन्हीचा हिशेब त्या लिहितात. आधी चारशे लिटर डिझेलमागे युरियाची वीस लिटरची एक बादली लागायची. दिवा लागायच्या आधीच्या महिन्यात सातशे लिटर डिझेल गेलं तरी बादली संपली नव्हती. घरात सगळे खूश होते, बचत झाली म्हणून!

युरिया जातच नव्हता. गटाने ठराव केला: कर्ज द्यायचं, पण सेन्सरला नाही, लॅपटॉप घेऊन येणाऱ्या इंजिनिअरच्या फीपुरतं. त्याने फवारा काढून मापाच्या भांड्यात सोडून बघितला, तर निम्माही पडेना. तोंडाशी पांढरे खडे साचले होते. ते कोमट पाण्यात विरघळतात. साफ केलं, पाइपाचे जोड तपासले, लॅपटॉपवरून पुन्हा चाचणी घेतली आणि यंत्र चालू झालं. पहिल्या सेन्सरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

खडे का साचले? चावी बंद केल्यावर यंत्र नळीतला युरिया मागे टाकीत ओढून घेतं, त्याला दोन-चार मिनिटं लागतात. ड्रायव्हर घरी जायच्या घाईत लगेच बॅटरीचा मुख्य स्विच पाडायचा. शिवाय दुपारी एसीसाठी तासन् तास इंजिन नुसतं चालू ठेवायचा. धूर पुरेसा तापत नाही, मग युरिया सुकून बसतो. बोलायला गेलं तर चूक त्याचीही नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काही तपासण्या पाना न लावता होतात. सकाळी, रात्रभर थंड झालेल्या यंत्राची फक्त चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि पडद्यावर आकडे बघायचे. धुराच्या तापमानाचे सगळे सेन्सर हवेइतकंच, एकमेकांच्या जवळपास दाखवायला हवेत. तिघे ३० सांगतात आणि एक १५० सांगतो, तर खोटं कोण बोलतंय ते समजलंच. जाळीच्या दाबाचा आकडा तेव्हा शून्याजवळ हवा. नसेल तर तो सेन्सर किंवा त्याच्या दोन बारीक नळ्या बघायच्या. काही यंत्रांवर हे आकडे लॅपटॉपशिवाय दिसत नाहीत, तेव्हा मिस्त्रीला हीच तपासणी करायला सांगा. नळ्या आणि वायरी कुठे घासल्यात, उंदराने कुठे कुरतडल्यात, हे तर डोळ्यांनाच दिसतं. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर दुसऱ्या दिवशी दिवा लागला, तर आधी कनेक्टर उघडून सुकवा.

युरियाबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते. शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकू नका. टाकीतल्या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. खताचा युरिया आणि विहिरीचं पाणी आतल्या जाळीचा सत्यानाश करतं, आणि ती जाळी सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असते. डिझेलचं नरसाळं युरियाला वापरायचं नाही, हेही त्यातच आलं.

आणि कुणी म्हणालं की एक डबी जोडतो, दिवा कधीच लागणार नाही, तर ऐकू नका. दिवा विझतो, धूर तसाच राहतो, आणि शेततळ्याच्या काठावर तो धूर छातीत घेत आपल्याच बाया टोपल्या उचलत असतात.

ताईंच्या वहीत आता डिझेल आणि युरियाच्या शेजारी तिसरा रकाना आहे. दिवा लागला की चावी बंद करण्याआधी ड्रायव्हरने दोन्ही आकड्यांचा फोटो पाठवायचा, आणि त्या तारीख, तास आणि आकडे लिहून ठेवतात. मिस्त्री आला की आधी वही पुढे.