बलकाचा रंग आणि सूक्ष्म शेवाळ

अंडें फोडल्यावर बलक गर्द केशरी निघाला, कीं घरांत समाधान होतें. फिकट निघाला, कीं तेंच अंडें निकस ठरतें. सुबक अक्षर पाहून उत्तरास गुण देणाऱ्या परीक्षकासारखी ही आपली गत आहे. ती कशी, हें पाण्यांतील सूक्ष्म शेवाळाच्या आधारें आज सांगावयाचें आहे.

बलकास पिवळेपणा देणारीं द्रव्यें कोंबडीच्या शरीरांत तयार होत नाहींत. तीं खाद्यांतूनच मिळावीं लागतात. पिवळा मका, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या यांत तीं असतात. तांदळाच्या कणींत जवळजवळ नसतात. बलक मुख्यतः शेवटच्या ८-१० दिवसांत भरतो. म्हणून खाद्य पालटलें, कीं थोड्याच दिवसांत रंगहि पालटतो.

स्पिरुलिना नांवाच्या शेवाळांत हीं द्रव्यें विपुल आहेत. शास्त्रज्ञ त्याची गणना जीवाणूंत करितात. व्यवहारांत मात्र तें शेवाळच. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या खाऱ्या सरोवरांत तें वाढतें, आणि आफ्रिकेंतील चाड सरोवराकांठचे लोक तें वाळवून खातात. वाळल्यावर त्यांत निम्म्याहून अधिक प्रथिनें असतात. कोंबडीच्या खाद्यांत शेंकडा दोन भाग मिसळलें, तरी बलक स्पष्टपणें गडद होतो.

दुसरें शेवाळ म्हणून विकलें जाणारें शिझोकायट्रियम हें समुद्रांतील. तें बंद टाक्यांत, सूर्यप्रकाशावांचून, साखरेवर वाढवितात. त्याच्या चरबींत डी. एच. ए. हें स्निग्धाम्ल भरपूर असतें. मेंदू आणि डोळ्याचा अंतःपटल यांच्या घडणींत तें लागतें. कोंबडीनें तें खाल्लें, कीं बलकांत उतरतें. याच हेतूनें माशांचें तेलहि देतात. पण तें अधिक झालें, तर अंड्यास माशाचा वास येतो. शिवाय माशांनाहि हें स्निग्धाम्ल मूळ अशा सूक्ष्म जीवांकडूनच मिळतें. मग मुळाशींच कां जाऊं नये? अडचण किंमतीची; म्हणून मका व सोयाबीनची पेंड यांची जागा न घेतां हें शेवाळ केवळ पुरवणी म्हणून थोडें देतात.

आतां मुद्दा असा, कीं डी. एच. ए. स रंग नाहीं. गर्द बलकांत तें अल्प असूं शकेल, फिकट बलकांत भरपूर. आणि प्रथिनें तर दोहोंतहि चांगलींच असतात. तेव्हां जादा दाम मोजतांना डब्यावर त्याचें प्रमाण मिलिग्रॅममध्यें छापलें आहे कीं नाहीं, तें पाहा. बलकाच्या रंगावर भुलूं नका. कोंबडीनें काय खाल्लें, तें विचारा.